जिल्हाबंदी करणारे दिवाण : सालारजंग

गावाकडे पत्र लिहिताना पाकिटावर पत्ता कसा लिहितात, हे तुम्हांला ठाऊक आहे. आधी माणसाचे नाव, मग मुक्काम, मग पोस्ट, मग तालुका आणि शेवटी जिल्हा. जालना जिल्ह्यातल्या एखाद्या लहान गावी पत्र जायचे असेल, तर गावाच्या नावाखाली ता. भोकरदन, जि. जालना किंवा ता. अंबड, जि. जालना असे लिहावे लागते. एवढ्या चार शब्दांवर ते पत्र हजारो गावांतून नेमके त्या गावी पोहोचते.

या चार शब्दांकडे जरा नीट पाहा. मुक्काम, तालुका आणि जिल्हा हे तीन शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. उर्दूत ते मकाम, तअल्लुका आणि जिला असे म्हटले जातात. मूळचे ते अरबी. जिला या शब्दाचा मूळ अर्थ बरगडी किंवा बाजू असा आहे. तहसील या शब्दाचा अर्थ वसुली. म्हणजे शाळेच्या दाखल्यासाठी किंवा जमिनीच्या कागदासाठी आपण ज्या तहसील कचेरीत जातो, तिच्या नावातच जुन्या काळच्या सारावसुलीची आठवण राहिली आहे. चौथा शब्द, पोस्ट, इंग्रजीतून आला. आणि गाव हा शब्द तर या मातीतलाच.

गाव, तालुका, जिल्हा, राज्य ही एकावर एक पायऱ्यांची शिडी आज आपल्याला निसर्गाने केल्यासारखी वाटते. नदी आहे, डोंगर आहे, तसा जिल्हाही आहे, असे वाटते. पण नदी कोणी आखत नाही. जिल्हा कोणीतरी आखावा लागतो. मराठवाड्यात, म्हणजे पूर्वीच्या हैदराबाद राज्यात, ही शिडी ज्यांनी उभी केली त्यांचे नाव मीर तुराब अली खान. इतिहासात ते सर सालारजंग या किताबाने ओळखले जातात.

हैदराबादला सहलीला गेलेल्या मुलांनी सालारजंग संग्रहालय पाहिले असेल. तेथील घड्याळापुढे बारा वाजता गर्दी होते. ते संग्रहालय मात्र या सालारजंगांचे नव्हे. त्यांचे नातू मीर युसुफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, यांनी जमवलेल्या वस्तू प्रामुख्याने तेथे आहेत. संगमरवरी बुरख्याआडून चेहरा दिसावा अशी रिबेकाची जी प्रसिद्ध मूर्ती तेथे आहे, ती मात्र आपल्या या पहिल्या सालारजंगांनी १८७६ साली इटलीतून आणली. लोक मूर्तीपुढे थांबतात आणि त्यांच्या खऱ्या कामाची त्यांना कल्पनाही नसते. ते काम कोणत्याही काचेच्या कपाटात ठेवता येण्यासारखे नाही.

मीर तुराब अली यांचा जन्म १८२९ साली झाला. घराणे मोठे होते. या घराण्यातील पुरुषांनी निजामाच्या राज्याची दिवाणगिरी, म्हणजे प्रधानकी, पूर्वीही केली होती. पण वडील लवकर वारले. मुलाला त्याचे चुलते सिराज-उल-मुल्क यांनी वाढवले. फारसी आणि अरबी हे शिक्षण रीतीप्रमाणे झाले. इंग्रजीही ते शिकले. तरुणपणी काही महिने त्यांना खम्ममच्या भागात तालुकदार म्हणून पाठवण्यात आले. गाव कसे असते, सारा कसा ठरतो, तो भरताना शेतकऱ्याची काय अवस्था होते, हे सारे त्यांनी तेथे जवळून पाहिले. दरबारातल्या पुष्कळ सरदारांनी हे कधी पाहिलेच नव्हते. पुढच्या कामाची शिदोरी त्यांना या थोड्या महिन्यांत मिळाली.

१८५३ साल हैदराबाद राज्याला फार जड गेले. इंग्रजांच्या ताब्यातील एक फौज राज्याच्या खर्चाने पोसली जात असे. तिचा खर्च थकला होता. इंग्रजांनी त्या थकबाकीपोटी मे महिन्यात तह करून वऱ्हाड, धाराशिवचा भाग आणि रायचूरचा दुआब आपल्या ताब्यात घेतला. राज्यातला चांगला कापूस पिकवणारा प्रदेश गेला. हा तह सिराज-उल-मुल्क दिवाण असताना झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ते वारले. त्यांच्या जागी पुतण्याची नेमणूक झाली. नव्या दिवाणाचे वय होते चोवीस वर्षे.

या तहाची एक खूण जालना जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर अजून दिसते. जाफराबाद तालुक्याच्या पलीकडे बुलढाणा जिल्हा लागतो. दोन्हीकडे मराठी बोलली जाते, दोन्हीकडची काळी जमीन सारखीच, सोयरिकी तर केव्हापासूनच्या. पण १८५३ पासून १९५६ पर्यंत, शंभराहून अधिक वर्षे, ही दोन शेजारी गावांमधली हद्द नव्हती. दोन वेगळ्या कारभारांमधली हद्द होती. अलीकडे निजामाचे अधिकारी, पलीकडे इंग्रजांचे. कागदावर ओढलेली रेघ माणसाच्या रोजच्या जगण्यात किती खोल जाते, हे येथे कळते.

तरुण दिवाणाच्या हाती आलेले राज्य कसे होते? खजिना रिकामा होता. दागिने गहाण पडले होते. सैनिकांचे पगार थकले होते. आणि सर्वांत वाईट स्थिती होती ती मुलखाच्या कारभाराची. राज्यात परगणे होते, महाल होते, तालुके होते. पण त्यांचा मेळ कोणाला नव्हता. एकाच भागात काही गावे सरकारची, काही जहागीरदारांची, काही फौजेच्या खर्चासाठी लावून दिलेली आणि काही सावकारांकडे तारण पडलेली. अरब आणि रोहिले जमादार राज्याला कर्ज देत आणि त्याच्या बदल्यात आख्खे तालुके ताब्यात ठेवत.

सारावसुलीची रीत मक्त्याची होती. मक्ता म्हणजे ठेका. एखाद्या तालुक्याची वसुली कोण करणार, हे बोलीवर ठरे. जो जास्त रक्कम कबूल करील त्याला तालुका मिळे. त्याला तालुकदार म्हणत. त्याने सरकारला ठरलेली रक्कम द्यायची. शेतकऱ्याकडून किती काढायची, हा त्याचा प्रश्न. पुढच्या वर्षी दुसऱ्याने जास्त बोली केली, तर तालुका त्याच्याकडे जाणार. मग या वर्षीच जेवढे निघेल तेवढे काढावे, असा विचार मक्तेदाराच्या मनात आला तर नवल नाही. विहीर खणून देणे, बी-बियाण्याला उचल देणे, दुष्काळात सूट देणे हे त्याने कशासाठी करावे? त्यामुळे काही ठिकाणी शेतकरी गाव सोडून जात. गाव ओस पडले, की उरलेल्यांवरचा बोजा आणखी वाढे.

अन्याय झाला तर दाद कोणाकडे मागायची? ज्याने अन्याय केला तोच तालुक्याचा मुख्य. त्याच्या वर कोण आहे, हे गावकऱ्याला ठाऊक नसे. हैदराबाद तर बैलगाडीने कित्येक दिवसांच्या वाटेवर. तेथे जाऊनही गरिबाला देवडीच्या आत कोण घेणार?

सालारजंगांनी पहिली काही वर्षे डागडुजीतच घालवली. ज्यांच्याकडे तालुके तारण होते, त्यांचा हिशेब तपासून, काही रक्कम देऊन, काही वेळा दबाव आणून त्यांनी एकेक तालुका मोकळा केला. मक्तेदारांच्या जागी पगारी तालुकदार नेमायला सुरुवात केली. पूर्वी ठिकठिकाणी टांकसाळी होत्या आणि प्रत्येक ठिकाणचा रुपया वेगळा. त्या बंद करून हैदराबादेत एक सरकारी टांकसाळ ठेवली. तिच्यातून निघालेला हाली सिक्का पुढे जवळजवळ शंभर वर्षे मराठवाड्यात चालला. दागिने त्यांनी सोडवून आणले. १८५९ च्या सुमारास प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी फारसीची एक आणि स्थानिक भाषेची एक अशा शाळा काढण्याची आज्ञा निघाली. मराठवाड्यात स्थानिक भाषा म्हणजे मराठी. सरकारी कामकाज मात्र त्यांच्या हयातीत फारसीतच चाले. उर्दू ही कचेरीची भाषा त्यांच्या मृत्यूनंतर झाली, हे पुष्कळांना माहीत नसते.

हे सारे करताना १८५७ चे वर्ष आले. उत्तरेत उठाव पेटला. जून महिन्यात औरंगाबादेत फौजेतील स्वारांनी बंड केले. जुलैमध्ये हैदराबादेत तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या पुढाकाराने लोकांनी इंग्रज रेसिडेंटच्या कोठीवर चाल केली. सालारजंगांनी इंग्रजांची बाजू सोडली नाही. उठाव फसला, तर राज्य नाहीसे होईल असा त्यांचा हिशेब होता. दिल्लीचे आणि झाशीचे जे झाले ते पाहिले म्हणजे हा हिशेब चुकीचा होता असे म्हणता येत नाही. पण हैदराबादच्या रस्त्यांवर लोकांनी त्यांना शिव्याशाप दिले असतील, हेही खरे. तुर्रेबाज खान मारले गेले, मौलवी अलाउद्दीन अंदमानला पाठवले गेले. सालारजंगांच्या चरित्रातले हे पान सोपे नाही आणि त्याला सोपे करण्याचे कारणही नाही. इंग्रजांनी १८६० साली धाराशिव आणि रायचूर परत दिले. वऱ्हाड दिले नाही.

राजधानीतही त्यांना स्वस्थता नव्हती. मक्ते गेले, तारणे गेली, त्यामुळे अनेक बड्या लोकांचे उत्पन्न बुडाले. खुद्द निजामांचा, अफजल-उद्-दौला यांचा, आपल्या दिवाणावर पूर्ण विश्वास नव्हता. १८५९ साली भरदिवसा त्यांच्यावर हल्ला झाला. १८६८ साली दरबाराला जात असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दोन्ही वेळा ते वाचले. काम थांबले नाही.

आता मुख्य कामाकडे येऊ. १८६४ साली त्यांनी महसुलाच्या देखरेखीसाठी एक मंडळ नेमले. आणि १८६५ पासून जिल्हाबंदी सुरू झाली. जिल्हाबंदी म्हणजे सगळ्या सरकारी मुलखाची जिल्ह्याजिल्ह्यांत नीट बांधणी. राज्याचे पाच मोठे भाग केले. त्यांना पुढे सुभे म्हणू लागले. प्रत्येक भागात काही जिल्हे, प्रत्येक जिल्ह्यात काही तालुके आणि प्रत्येक तालुक्यात गावे. जिल्ह्यांची संख्या पुढे कमीजास्त होत गेली, पण बांधणी तीच राहिली.

जिल्ह्याचा मुख्य अव्वल तालुकदार. आजच्या भाषेत जिल्हाधिकारी. त्याच्या हाताखाली दोम तालुकदार आणि सोम तालुकदार. अव्वल, दोम, सोम म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा. तालुक्यावर तहसीलदार. हे सारे पगारी. कोणाचीही बोली नाही, कोणाचाही मक्ता नाही. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात त्यांची बदली होई. त्यामुळे तालुका ही कोणाची मिळकत राहिली नाही; ती एक नोकरीची जागा झाली. हा फरक साधा वाटतो, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने सगळा बदल यातच होता. पूर्वी त्याच्यासमोर तालुक्याचा मालक उभा असे. आता ज्याच्या वर दुसरा साहेब आहे असा नोकर उभा राहिला. तहसीलदाराविरुद्ध तालुकदाराकडे अर्ज करता येऊ लागला, तालुकदाराविरुद्ध त्याच्या वर. अर्ज नेहमी मंजूर होई असे नाही. पण तो कोणाकडे करायचा, हे ठरले.

पोलिसांचे खातेही वसुलीपासून वेगळे झाले. जिल्ह्याला मोहतमिम, तालुक्याला अमीन असे पोलीस अधिकारी आले. सारा मागणारा आणि चोर पकडणारा एकच माणूस असेल, तर सारा न देणाराच चोर ठरतो. म्हणून ही फारकत महत्त्वाची होती. राजधानीतही कारभाराची वाटणी झाली. १८६८ मध्ये न्याय, महसूल, पोलीस आणि इतर किरकोळ खाती अशी चार भागांत विभागून प्रत्येकावर एक सदर-उल-महाम, म्हणजे मंत्री, नेमला. पुढच्याच वर्षी हैदराबाद शहरासाठी नगरपालिकेचा कारभार सुरू झाला. शहराचे चार आणि चादरघाट या उपनगराचे पाच भाग पाडले. गाव एका रीतीने चालते आणि शहर दुसऱ्या रीतीने चालवावे लागते, हे या कामात मान्य झाले. रस्ते, दिवे, झाडलोट, पाणी या गोष्टी पाटलाच्या चावडीवरून होणाऱ्या नव्हत्या.

आणि गावांचे काय केले? येथे सालारजंगांचे शहाणपण दिसते, असे मला वाटते. त्यांनी गाव मोडले नाही. गावाला आपली रचना आधीपासून होतीच. पाटील होता, हिशेब लिहिणारा कुलकर्णी म्हणजे पटवारी होता, बलुतेदार होते, चावडी होती. ती रचना सर्वांना सारखा न्याय देणारी होती असे नाही. जातीप्रमाणे कामे वाटलेली होती आणि खालच्या मानलेल्या लोकांच्या वाट्याला कष्टच जास्त होते. दिवाणाने त्यात हात घातला नाही. त्यांनी एवढेच केले, की गावाचे वरचे टोक नव्या शिडीला बांधले. पाटील आणि पटवारी आता तहसीलदाराला जबाबदार झाले.

गाव आणि सरकार यांच्या मध्ये जे देशमुख आणि देशपांडे होते, त्यांचे काम मात्र गेले. पिढ्यान्‌पिढ्या परगण्याची वसुली पाहणारी ही घराणी. परगणाच उरला नाही, तर त्यांचे काम तरी कोठे उरणार? त्यांना एकदम उघड्यावर टाकले असते, तर मराठवाड्यात मोठी नाराजी पसरली असती. म्हणून त्यांना रुसूम, म्हणजे ठरावीक वार्षिक रक्कम, लावून दिली. काम काढून घेतले, मान आणि काही उत्पन्न ठेवले. ते समाधानी झाले नाहीत. पण लढायलाही उठले नाहीत.

मग जमिनीची मोजणी आली. शेताचा आकार, मातीचा कस आणि पाण्याची सोय पाहून सारा ठरवण्याचे काम १८७० नंतरच्या दशकात मराठवाड्यापासून सुरू झाले. शेजारच्या मुंबई इलाख्यातली रयतवारी रीत येथे घेतली गेली. एकेका शेताला क्रमांक मिळाला. या कामासाठी आणि इतर खात्यांसाठी सालारजंगांनी उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसे बोलावली. त्यांपैकी सय्यद मेहदी अली हे इटाव्याचे. ते पुढे मोहसिन-उल-मुल्क या नावाने प्रसिद्ध झाले आणि अलीगढच्या कॉलेजचेही मोठे आधार ठरले. माणसे कर्तबगार होती, यात शंका नाही. पण राज्यातल्या जागा बाहेरच्यांना का, हा प्रश्नही तेव्हापासून निघाला. मुलकी आणि गैरमुलकी हा वाद पुढे कित्येक वर्षे हैदराबादला पुरला.

या सगळ्या आखणीत आजचा जालना जिल्हा कोठे होता? तो नव्हताच. मोगलांच्या काळात औरंगाबाद सुभ्यात जालनापूर नावाचा सरकार होता. सरकार म्हणजे तेव्हाचा जिल्ह्यासारखा विभाग. कुंडलिका नदीकाठचे जालना हे व्यापाराचे जुने गाव आणि तेथे फौजेची छावणीही होती. तरीही नव्या बांधणीत जिल्ह्याचे ठिकाण झाले औरंगाबाद. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे भाग त्या जिल्ह्यात गेले. परतूर परभणी जिल्ह्यात गेले. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, जालन्यापासून सुमारे साठ किलोमीटर. आज हे अंतर तासा-दीड तासाचे आहे. तेव्हा बैलगाडीने दोन दिवस सहज लागत, आणि अंबडच्या दक्षिणेकडच्या गोदाकाठच्या गावांना तर त्याहून जास्त. रेल्वे तोवर आली नव्हती. कचेरी किती दूर आहे, यावर तिचा उपयोग ठरतो. सालारजंगांनी दाद मागण्याची जागा नेमून दिली, ही गोष्ट मोठी. ती जागा प्रत्येकाच्या पावलांच्या आवाक्यात आणणे त्यांना जमले नाही.

दुसरी उणीव याहून मोठी होती. जिल्हाबंदी झाली ती फक्त दिवाणी मुलखात, म्हणजे जो थेट सरकारचा होता त्यात. निजामांचा स्वतःचा खासगी मुलूख, त्याला सर्फ-ए-खास म्हणत, वेगळा राहिला. पायगा सरदारांचा मुलूख वेगळा आणि जहागिरी वेगळ्या. राज्याचा फार मोठा हिस्सा असा बाहेरच राहिला. एका गावात तहसीलदाराचा हुकूम चाले, ओढ्यापलीकडच्या गावात जहागीरदाराचा. तेथली रयत अर्ज घेऊन तहसील कचेरीत आली, तर तिला परत जावे लागे. सालारजंग स्वतः मोठे जहागीरदार होते. जहागिरींना हात लावला असता, तर दिवाणपद एक दिवसही टिकले नसते हे खरे. पण त्यांनी तसे मनात तरी आणले होते का, असा प्रश्न पडतो. जहागिरी गेल्या त्या हैदराबाद राज्य भारतात सामील झाल्यानंतर, १९४९ साली.

१८६९ साली अफजल-उद्-दौला वारले. नवे निजाम मीर महबूब अली खान अडीच-तीन वर्षांचे होते. राज्याचा भार सालारजंग आणि शम्स-उल-उमरा यांच्यावर आला. १८७४ साली वाडीहून हैदराबादला रेल्वे पोहोचली. दिवाणाच्या मनात मात्र एक सल होता, वऱ्हाडचा. ज्या तहाने ते गेले, तो आपल्या चुलत्याच्या हातून झाला होता. १८७६ साली ते युरोपला गेले. पॅरिसमध्ये जिन्यावर पाय घसरून त्यांना मोठी दुखापत झाली. तशा स्थितीत ते लंडनला पोहोचले. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, ऑक्सफर्ड विद्यापीठाने सन्माननीय पदवी दिली, लंडन शहराने मानपत्र दिले. मेजवान्या पुष्कळ झाल्या. वऱ्हाड काही मिळाले नाही. उलट, हा प्रश्न पुन्हा पुन्हा काढतात म्हणून हिंदुस्थानातल्या इंग्रज सरकारची त्यांच्यावर नाराजी झाली. ज्या इंग्रजांची बाजू त्यांनी १८५७ साली धरली होती, त्यांनीच त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवले.

फेब्रुवारी १८८३ मध्ये एका युरोपीय पाहुण्यासाठी त्यांनी मीर आलम तलावावर मेजवानी केली. घरी आल्यावर त्यांना पटकी झाली. पटकी म्हणजे कॉलरा. ८ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. वय चौपन्न. त्यांपैकी जवळजवळ तीस वर्षे दिवाणगिरीत गेली होती. हैदराबादच्या दायरा मीर मोमिन या कबरस्तानात त्यांची कबर आहे.

त्यांच्यामागे शिडी उभी राहिली. तिच्यावर माणसे बदलत गेली. १९४८ साली निजामाचे राज्य संपले आणि अव्वल तालुकदाराच्या खुर्चीत कलेक्टर बसले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. वऱ्हाडही त्याच दिवशी त्याच राज्यात आले, तेव्हा जाफराबाद आणि बुलढाणा यांच्यामधली हद्द पुन्हा केवळ दोन जिल्ह्यांची हद्द झाली. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. १९६२ साली जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. सालारजंगांच्या शिडीवरून हुकूम वरून खाली येत असे. आता तिच्या शेजारी दुसरी शिडी लागली. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. या शिडीवर लोकांनी निवडून दिलेली माणसे चढू लागली. तहसीलदार आणि सभापती यांच्या कचेऱ्या आज एकाच गावात असतात. कोणत्या कामाला कोणाकडे जायचे, हे मोठ्या माणसांनाही कधी कधी विचारावे लागते.

जालन्याची पाळी १ मे १९८१ रोजी आली. औरंगाबादमधून जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद, आणि परभणीतून परतूर, असे पाच तालुके घेऊन जालना जिल्हा तयार झाला. कचेरीचे अंतर कमी व्हावे ही जी उणीव दिवाणांच्या आखणीत राहिली होती, ती येथे काही प्रमाणात भरून निघाली. पुढे बदनापूर, घनसावंगी आणि मंठा हे तालुके वेगळे झाले आणि तालुक्यांची संख्या आठ झाली. नऊशेहून अधिक गावे या आठ तालुक्यांत वाटलेली आहेत. २०२३ साली जालना शहराची महानगरपालिका झाली.

१९८१ च्या त्या दिवसानंतर परतूर तालुक्यातल्या लोकांनी पाकिटावर पत्ता लिहिताना परभणी हा शब्द सोडून जालना असे लिहायला सुरुवात केली. गाव तेच, पोस्ट तेच, तालुका तोच. बदलला तो शेवटचा एक शब्द. मंठ्याचा तालुका झाल्यावर तिकडच्या गावांना आणखी एक शब्द बदलावा लागला.